चौदा नंबरचा कागद

सर,

काल दुपारी निकाल कळला. शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. आठवडाभर रोज सकाळी त्या एकाच दुधाचे दोन भाग करत होत्या. एक भाग ब्युरेटवर, म्हणजे नेहमीच्या काचेच्या उपकरणावर तपासायच्या, दुसरा माझ्या डबीत. आठवडाभर दोन्हींचं उत्तर एकच आलं. ब्युरेटनं ज्या दुधाला आंबट म्हटलं त्याला डबीनंही आंबट म्हटलं, आणि जे चांगलं होतं ते चांगलं. "काका, जुळलं बघा," एवढंच त्या म्हणाल्या. मग मागं कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलगा पुण्याला, त्याची ड्युटी सुटायला वेळ होता. बायकोला जाऊन चार वर्षं झाली. फाटकाशी जाऊन उभा राहिलो तर शेजारी नळाला पाणी कधी येणार म्हणून विचारत होता. त्याला सांगून पाहिलं, की दुधाचा आंबटपणा मोजणारी माझी डबी पास झाली. तो म्हणाला, बरं झालं, आणि परत पाण्याचं विचारलं. त्याचं काही चुकलं नाही. ज्यांना हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न सुचला असता असे तुम्ही एकटेच होता, आणि तुम्हाला जाऊन आता पस्तिशीच्या वर वर्षं झाली.

आताच्या डबीत सगळं तुमचंच आहे. एका बाजूला लाल दिवा, मध्ये रंगवलेला कागद, पलीकडं उजेड मोजणारी चकती. कागदावर दुधाचा थेंब पडला की रंग बदलतो, आणि किती बदलला ते माणसाच्या डोळ्यानं ठरवायचं नाही, कागदातून पार झालेल्या उजेडानं ठरवायचं. तुमच्या डबीत काटा हलायचा, माझ्या डबीत आकडा येतो. फरक एवढाच.

सुरुवात कुठून झाली ते तुम्ही मला विचारलं असतं तर मी चटकन सांगितलं असतं, कारण त्या सकाळइतकी स्वच्छ सकाळ मला दुसरी आठवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होतो. हा त्याच्यानंतरचा, ऐंशीच्या पुढचा, लागोपाठ पावसानं दगा दिला तो. लोहारा तेव्हा तालुका नव्हता. गावात दूध संस्था नवी निघालेली, देवळाच्या मागं पत्र्याची खोली. मी तुमच्याकडं बारावीपर्यंत रसायनशास्त्र शिकलेलो, पुढं जमलं नाही, म्हणून चेअरमननी मला संस्थेत टेस्टर म्हणून घेतलेलं. काम सोपं होतं. नळीत थोडं दूध, तितकंच स्पिरिट, हलवायचं. दूध नळीच्या काचेवरून सरळ ओघळलं तर घ्यायचं. काचेला कण चिकटले, दूध फुटल्यासारखं दिसलं, तर परत करायचं.

त्या सकाळी मी मावशीचं दूध परत केलं. आम्ही तिला मावशी म्हणायचो एवढंच; ती बुद्धवाड्यातली, एकटी, सरकारी योजनेतून मिळालेली तिची एकच म्हैस. ती सलग तिसरी सकाळ होती. ती चरवी घेऊन बाजूला उभी राहिली, गेली नाही. मागच्या बायांना मी पुढं बोलावलं तरी ती तिथंच. "सकाळी काढलं तसंच आणलं," ती म्हणत होती, "वाटंत कुठं टेकवलं सुदिक न्हाय. माझ्या म्हशीला वैरण न्हाय, ते खरं. पर दूध नासकं कसं म्हणतूस?"

चेअरमन खुर्चीत बसून ऐकत होते. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. पण तिचं दूध त्याच कॅनमध्ये ओतलं जातं म्हणून गावातली दोन-चार घरं कुरकुरत होती, आणि संस्था सगळ्यांची आहे असं त्यांना उघड सांगण्याची जबाबदारी चेअरमनवर होती. नळीनं त्यांची ती जबाबदारी परस्पर मिटवली. "आपुन कुणाला न्हाय म्हणलं का?" ते मावशीला म्हणाले, "नळीच न्हाय म्हणती. आता तिच्याम्होरं आपलं काय चालतंय?"

तुम्ही शाळेत जाताना दूध घ्यायला थांबला होता, हातात ॲल्युमिनियमची किटली. तुम्ही चेअरमनशी काही बोलला नाहीत. माझ्याकडं आलात आणि वर्गात विचारायचा तसंच विचारलंत.

"वास घेतलास?"

"घेतला."

"कसा आहे?"

"गोड."

"उकळून पाहिलंस?"

"नाही सर."

"मग नासलंय हे कुणी सांगितलं?"

मी नळी दाखवली. तुम्ही ती हातात घेऊन उजेडात धरली, परत ठेवली आणि म्हणालात, "नळी काही सांगत नाही. नळीत दिसतं. सांगतोस तू."

बाया हसल्या नाहीत, पण माझे कान तापले. तुम्ही तुमच्या किटलीत मावशीचं दूध घेतलंत आणि शाळेकडं निघून गेलात. संध्याकाळी मी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा तुम्ही मला रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही स्टोव्हवरचं पातेलं दाखवलंत. दूध उकळून साय धरली होती, फुटलं नव्हतं. मग ब्युरेट लावून तुम्ही तिचं दूध तपासलंत आणि मला चेअरमनच्या घरून आणायला लावलेलं दूध तपासलंत. दोन्हींना गुलाबी व्हायला द्रावणाचे सारखेच थेंब लागले. आंबटपणा सारखा. मग तुम्ही खडू घेतला नाहीत, नुसतं बोलत राहिलात. जनावर उपाशी असलं की दुधातल्या क्षारांचा तोल बिघडतो आणि ते स्पिरिट सोसत नाही. म्हणून कण धरतात. ते आंबलेलं नसतं. आपण उपासाला आंबट म्हणतोय, असं तुम्ही म्हणालात. एवढं साधं, पण आसपासच्या सगळ्या संस्था तेच करत होत्या, आणि पाऊस जितका लांबला तितकं जास्त दूध परत जात होतं. ज्यांच्याकडं वैरण विकत घ्यायची ऐपत, त्यांचं दूध पास.

ब्युरेट गावागावांत देता येणार नव्हतं. काच फुटते, द्रावण दर आठवड्याला ताजं करावं लागतं, आणि गुलाबी कधी झालं यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून तुम्ही डबी करायला घेतली.

ते सात-आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे होते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. संस्थेचं काम सकाळी आटपायचं. दुपारी मी शाळेमागच्या तुमच्या खोलीवर यायचो. त्या खोलीत तुम्ही का राहता हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. गावात तुम्हाला कुणी घर भाड्यानं दिलं नव्हतं, आणि देत नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं. प्रत्येक घर नेमकं तेव्हाच कुणाला तरी लागणार होतं. तुम्ही त्याबद्दल एकदाच बोललात, तेही हसून, की प्रयोगशाळा जवळ पडते. जेवण तुम्ही स्वतः करायचा. ज्वारीची भाकरी थापताना तुम्ही हळदीच्या कागदाबद्दल बोलत होता हे मला दिसतंय. पहिला कागद हळदीचा केला, तो आंबटाला दादच देईना. दुसरा जास्वंदीचा, त्याला ताज्या आणि जरा आंबलेल्या दुधात फरक कळेना. मग सोलापूरच्या रसायनांच्या दुकानातून तुम्ही एक रंग आणलात, चिमूटभर पूड, बाटलीभर द्रावण. गाळणकागद त्यात बुडवून सावलीत वाळवायचा. ताजं दूध लावलं की हिरवट, आंबलेलं लावलं की पिवळा. चांगलं आणि वाईट यांच्यामधल्या सगळ्या छटा त्या कागदावर दिसायच्या.

पण छटा पुन्हा माणसाच्या डोळ्यावर आली. चेअरमनला स्वतःच्या दुधात जे हिरवं दिसेल ते मावशीच्या दुधात पिवळं दिसायला वेळ लागणार नाही, असं तुम्ही म्हणालात. म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून टेपरेकॉर्डरमधला लाल दिवा आणला, आणि बटणाएवढी एक चकती, जिच्यावर उजेड पडला की वीज सहज वाहते. पिवळ्या कागदातून लाल उजेड पार होतो, हिरव्यातून अडतो. काटा किती हलला ते पाहिलं की झालं. पावडरच्या डब्याला आतून चिमणीची काजळी धरली, बाहेरचा उजेड आत खेळू नये म्हणून. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर तुम्ही शिसपेन्सिलीनं नंबर घालायचा आणि वहीत त्याच्यापुढं निकाल लिहायचा. मी एकदा म्हणालो, सर, कागद वापरून झाल्यावर टाकायचाच आहे ना, नंबर कशाला? तुम्ही म्हणालात, "चुकलं तर कुठं चुकलं ते शोधायला माग लागतो."

मावशीला तुम्ही शब्द दिला होता. दूध संघाच्या साहेबांना डबी दाखवू, त्यांनी मानली तर तुझं दूध पुन्हा सुरू होईल. ती म्हैस तोवर ठेवायची होती. तिनं घरावरचं पाचट काढून म्हशीला घातलं, तेव्हा मी ते पाहिलं.

साहेब जीपनं आले. संस्थेच्या खोलीत टेबल लावलं, त्यावर डबी. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. कागद घालायचं काम तुम्ही मला दिलंत, कारण उद्या हे टेस्टरनंच वापरायचं आहे, मास्तरनं नव्हे, असं तुम्ही साहेबांना समजावून सांगितलंत. पहिलं दूध मावशीचं. काटा चांगल्याच्या खुणेवर थांबला. साहेबांनी नळीत स्पिरिट घालून पाहिलं, कण धरले. मग त्यांनी उकळायला लावलं. फुटलं नाही. साहेब डबीकडं वाकून पाहू लागले. दुसरं चेअरमनचं, तेही चांगलं. मावशी दारात बसली होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता.

मग चहा आला. तिसरं दूध तुम्ही मुद्दाम सकाळपासून उन्हात ठेवलेलं, आंबलेलं, ते आणायला तुम्ही शाळेत गेलात. मी पायरीवर आलो. जीपच्या ड्रायव्हरनं तंबाखू मळायला घेतली होती, त्यानं चुन्याची डबी माझ्यापुढं धरली. मी चुना घेतला, मळलं, बार भरला. अंगठा विजारीला पुसला. तुम्ही दूध घेऊन परतलात तसा आत आलो आणि चौदा नंबरचा कागद उचलून खाचेत सरकवला. खाच घट्ट होती. मधोमध अंगठ्यानं दाबल्याशिवाय कागद बसत नसे. तुम्ही आंबलेल्या दुधाचा थेंब टाकलात, काटा चांगल्याच्या खुणेवर गेला.

साहेबांनी भांड्याचा वास घेतला आणि नाक मागं घेतलं. वास दारापर्यंत येत होता. "गुरुजी," ते म्हणाले, "तुमच्या डबीला सगळंच गोड लागतंय." सगळे हसले. चेअरमन तर सुटल्यासारखे हसले. तुम्ही पंधरा नंबरचा कागद घेतलात तोवर साहेब उठले होते, त्यांना येडशीला रेल्वे गाठायची होती. काटा पंधराव्या कागदावर बरोबर वाईटाच्या खुणेवर गेला. तो तुम्ही पाहिलात आणि मी पाहिला, बाकी कुणी नाही.

टेबल आवरताना चौदा नंबरचा कागद मी काढला. सगळा कागद पिवळा होता आणि मधोमध, जिथून उजेड जातो तिथं, माझ्या अंगठ्याचा निळसर ठसा होता. रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. चुना लागला की तो रंग निळा होतो आणि हिरव्यासारखाच लाल उजेड अडवतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी कागद खिशात घातला.

संध्याकाळी तुम्ही वही उघडून बसला होता. तुम्ही विचारलंत, "कागदाला तुझा हात लागला होता का?"

मी नाही म्हणालो.

का म्हणालो, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. नोकरी जाईल, मावशी काय म्हणेल, तुम्ही परत कधी बोलावणार नाही. खरी गोष्ट अशी की तोंडातून आधी 'नाही' आलं आणि कारणं मागाहून आली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मान हलवलीत आणि वहीत लिहिलंत: चौदा नंबर गहाळ. तुम्हाला कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. कळलं असतं तर तुम्ही पुढचे दोन महिने तो रंग पुन्हा पुन्हा तपासत बसला नसता. प्रत्येक दुपारी मी समोर बसून तुम्हाला चूक नसलेल्या जागी चूक शोधताना पाहत होतो. एके दिवशी सांगायचं ठरवून आलो, तर तुम्ही म्हणालात, बहुतेक माझी समजच कमी पडते. त्यानंतर तर मुळीच सांगता आलं नाही. कागद मी घरी चुलीत घातला होता, पण त्यानं काही सोपं झालं नाही.

मावशीनं म्हैस विकली आणि त्या सालच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. जाताना संस्थेवरून गेली. माझ्याशी बोलली. "मास्तरला म्हणावं, जिवाला लावून घेऊ नगा. लई केलं त्यांनी माझ्यासाठी." हा निरोप मी तुम्हाला दिला नाही. दिला असता तर तुमच्या डोळ्यांत पाहावं लागलं असतं.

तुमची बदली भूमकडं झाली तेव्हा तुम्ही डबी मला दिलीत. जुन्या वर्तमानपत्रात बांधून, सुतळीनं. म्हणालात, तू कधीतरी नीट करशील. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेल्याचं पोस्टकार्ड आलं, तुमच्या पुतण्यानं लिहिलेलं. तापाचं निमित्त झालं, एवढंच त्यात होतं. पुढं त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर बसलं तेव्हा डबी दगडांखाली गेली. आम्ही माणसं काढली, भांडी काढली. डबी मी शोधली नाही.

मी पुढं शिकलो, आयटीआयमध्ये यंत्रांचा निदेशक झालो, शेकडो पोरांना मीटर दुरुस्त करायला शिकवलं. चाळीस रुपयांत आंबटपणा मोजता येतो हे मला माहीत होतं, तरी त्या वाटेला गेलो नाही. निवृत्त झाल्यावर, घर रिकामं झाल्यावर गेलो. सगळं तोंडपाठ होतं. एकच गोष्ट माझी आहे: आताचा कागद प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांत बंद आहे, दुधाला जायला फक्त बारीक भोक. त्याला कुणाचं बोट लागूच शकत नाही. मॅडमनी विचारलं होतं, काका, एवढा बंदोबस्त कशाला, याच्यानं खर्च वाढतो. मी म्हणालो, गावात लोक तंबाखू खातात. त्या हसल्या.

उद्या सकाळी डबी गावच्या केंद्रावर बसणार आहे. यंदाही पाऊस ओढ देतोय, वैरणीचं सगळ्यांना अवघड झालंय. मॅडम अकरा वाजता कागदपत्रं न्यायला माझ्याकडं येतील. त्यांनी दिलेल्या फॉर्ममध्ये कल्पना कुणाची हा रकाना आहे, तिथं मी तुमचं नाव आणि शाळेचं नाव लिहिलंय. याआधी चाचणी झाली होती का? लिहिलंय, झाली होती, अयशस्वी ठरली. त्याखाली आहे: अपयशाचं कारण. दिवा कमजोर होता असं लिहून टाकलं असतं तरी कुणी तपासायला गेलं नसतं.

सर, तो रकाना विसरून कोरा राहिलेला नाही, मी तो मुद्दाम कोरा ठेवलाय. मॅडम काटेकोर आहेत, कोरी जागा त्यांना चालत नाही. त्या संध्याकाळनंतर मला हे कुणी विचारलंच नाही. उद्या त्या विचारतील.